अपील चालू आहे, मग व्यायाम का थांबला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

धनकवडीत राहणाऱ्या एका बहिणीने लिहिलंय. माहेर पर्वती पायथ्याजवळ, तिथे आई आणि धाकटा भाऊ असतात. भाऊ रंगकाम करायचा. चार वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला. उजव्या मांडीत रॉड बसला, खुबा दुखावला, पाय थोडा आखूड झाला. सुरुवातीला 45 टक्क्यांचं तात्पुरतं दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं आणि त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे सुरू झाले. मुदत संपल्यावर फेरतपासणी झाली, आकडा 34 वर, म्हणजे योजनेला लागणाऱ्या 40 टक्क्यांच्या खाली आला आणि पैसे बंद झाले. टक्केवारीविरुद्ध अपील देऊन पाच महिने झाले, उत्तर नाही. विचारायला गेलं की "फाईल वर गेलीय, आलं की कळवू." अपील दिलं तेव्हा खिडकीवरच्या माणसाने "ठेवून जा" म्हटलं, ते ठेवून आले. पंधरा हजारांत काम करून देतो म्हणणारा एक जण भेटलाय. भावाने फिजिओथेरपी सोडली आहे, कारण पाय सुधारला तर टक्के आणखी घसरतील. शेजारच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचं बोलावणं आलं, तेही त्याने नाकारलं. पोस्टमन येऊन परत जाईल म्हणून आई घर सोडून कुठे जात नाही. ताई विचारतात: "सारखं गेलं तर साहेब चिडतील, मुद्दाम नामंजूर करतील. गप्प बसावं की नवीन अर्ज करावा?"

ताई,

अपिलाचं पुढे बोलते. आधी व्यायामाचं, कारण तिथे रोज नुकसान होतंय.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात गेला होता, पण बोटांत थोडी हालचाल उरली होती. त्यांच्या पैशांचं प्रकरण एका कार्यालयात अकरा महिने पडून राहिलं. तेवढ्या काळात त्यांनी हाताचा व्यायाम सोडला. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेला पिवळा स्पंजचा बॉल आईने शिलाई मशीनच्या खणात टाकून दिला. संध्याकाळी कट्ट्यावर जाणंही बंद झालं, कुणी बघितलं आणि "हे तर बरे दिसतात" म्हणून कळवलं तर? शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. मंजुरीचं पत्र घेऊन माणूस दारात आला, वडिलांनी उजव्या हाताने सही केली, आणि कागद हलू नये म्हणून तो आईला धरावा लागला. डाव्या हाताची बोटं तोपर्यंत तळव्यात मुडपून घट्ट झाली होती. पैसे मागच्या तारखेपासून मिळाले. बोटं पुन्हा उघडली नाहीत.

म्हणून तुमच्या भावाला उद्यापासून व्यायामाला पाठवा. अपिलाचं काहीही होवो.

त्याची भीती मला खोटी वाटत नाही. चाळीसच्या रेषेवर पोट अवलंबून असलं की माणूस असाच विचार करतो. पण ही टक्केवारी कशी काढतात ते त्याला सांगा. पायाच्या दिव्यांगत्वात सांधे किती हलतात आणि स्नायूंत किती ताकद आहे हे मोजतात. शिवाय सपाट जागेवर चालणं, उतार, जिना, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं हेही बघतात. पायाची लांबी टेपने मोजतात. रॉड बसलेल्या, आखूड झालेल्या पायाची लांबी व्यायामाने वाढत नाही. व्यायाम सोडला तर मात्र कंबर आणि धड असलेला डावा पायही जाईल, आणि त्याची भरपाई कुठल्याच योजनेत नाही.

तपासणीच्या दिवशी काय होतं तेही मी जवळून पाहिलंय. डॉक्टर विचारतात, "जिना चढता येतो का?" पुरुषमाणूस, चारचौघांत, म्हणतो, "येतो की." खरं उत्तर असतं, "कठडा धरून, एकेक पायरी, आणि वर पोचल्यावर पाच मिनिटं बसावं लागतं." भावाला हे पूर्ण वाक्य बोलायला शिकवा. वाढवून काही सांगायचं नाही, पण झाकायचंही नाही. वाईट दिवशी काय होतं ते सांगायचं आणि चांगल्या दिवशी काय जमतं तेही.

34 हा आकडा त्याच्या त्रासाचं माप आहे असं तुम्ही दोघांनी धरलेलं दिसतं. "आमचं दुखणं त्यांनी खोटं ठरवलं," असं तुम्ही लिहिलंय. त्या कागदावर शरीराच्या काही हालचालींची नोंद आहे. रात्रीची झोप, गेलेलं काम, मोडलेलं लग्न यांतलं काहीच तिथे मोजलं जात नाही, मोजायला रकाना नाही. आकडा चुकला असेल तर त्याच्याशी जरूर भांडा. पण दुखणं खरं आहे की नाही हे त्याच्यावरून ठरवू नका. आणि 34 टक्क्यांचं प्रमाणपत्र रद्दीत टाकू नका. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 40 टक्क्यांची अट विशिष्ट लाभांसाठी घालतो. भेदभाव न होण्याचा हक्क त्याच्या खालच्या माणसालाही आहे. नव्या नियमांत युडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला, तीन रंग आहेत, त्यातलं पांढरं कार्ड 40 च्या आतल्यांसाठीच ठेवलंय.

आता फाईल.

तुमच्या पत्रात दोन प्रकरणं एकात मिसळली आहेत आणि मला वाटतं तुमचे निम्मे हेलपाटे त्यामुळेच वाया गेले. टक्केवारी हा आरोग्य खात्याचा विषय, त्याच्याविरुद्ध अपिलाचा हक्क कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. संजय गांधी योजनेचे पैसे हा तहसील कार्यालयाचा विषय. तहसीलदार 34 चे 40 करू शकत नाहीत आणि डॉक्टर पैसे सुरू करू शकत नाहीत. तुम्ही खडकमाळ आळीतल्या तहसीलमध्ये जाऊन अपिलाचं विचारलंत, तिथल्या माणसाला खरोखरच माहीत नसणार. तहसीलमध्ये एकच करायचं. टक्केवारीचं अपील प्रलंबित आहे, त्याच्या निकालापर्यंत प्रकरण कायमचं बंद करू नये, असं लेखी पत्र द्यायचं आणि प्रतीवर पोच घ्यायची.

पोच. ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य "ठेवून जा म्हणाले, ठेवून आलो" हे आहे. आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, तारीख नाही. म्हणजे पाच महिने तुम्ही वाट बघताय, पण कागदोपत्री कदाचित एक दिवसही झालेला नाही. अपिलाला मुदत असते. उद्या कुणी "तुमचं अपील आमच्याकडे आलेलंच नाही" म्हणालं तर तुमच्या हातात काय आहे?

तेव्हा पहिलं काम हे. मूळ अपिलाची प्रत घरी असेलच, मोबाईलमध्ये फोटो तरी असेल. तिच्यावर नवं आवरणपत्र लावा: "दिनांक अमुक रोजी समक्ष सादर केलेल्या अपिलाची प्रत पुन्हा सोबत जोडत आहे." अपील दिलं त्याच कार्यालयात दोन प्रती न्या. साहेबांच्या केबिनकडे न जाता आवक-जावकच्या टेबलावर जा, एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही घ्या. देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जा आणि तोच कागद पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. ट्रॅकिंगची पावती हळूहळू पांढरी पडते, तिची लगेच झेरॉक्स काढा. आमच्या आईने मूळ पावती देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली होती. चार महिन्यांनी काढली तर कोरी.

आणि जाताना भावाच्या सहीचं अधिकारपत्र बरोबर ठेवा. "तुम्ही कोण?" हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला, तो तुम्हाला अपमान वाटला. पण कुणाच्याही वैद्यकीय कागदांची माहिती कुणालाही देऊ नये, हे बरोबरच आहे. दोन ओळींचं पत्र आणि त्याच्या आधारची प्रत, एवढ्याने तो प्रश्न मिटतो.

पोच हातात आल्यावर साधं चौकशीपत्र द्या. त्यात राग नको, कहाणी नको. अपील सध्या कोणाकडे आहे, त्रुटी असल्यास कोणती, सुनावणी किंवा फेरतपासणी कधी, एवढं विचारा. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्याचं कलम 10 सांगतं. अर्धन्यायिक प्रकरणं, म्हणजे ज्यांत अधिकारी न्यायाधीशासारखा निवाडा देतो ती, त्यातून वगळलेली आहेत, म्हणून अपिलाच्या बाबतीत तुम्हाला तसं उत्तर मिळू शकतं. पण तुमच्या चौकशीपत्राला आणि तहसीलमधल्या पत्राला ती सबब लागू होत नाही. पत्राच्या शेवटी त्या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा.

त्यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार. इथे बहुतेक जण चुकतात. "माझ्या भावाच्या अपिलावर निर्णय का झाला नाही?" असं विचारतात. "का" ला उत्तर येत नाही, कारण माहिती म्हणजे नोंदीत असलेला कागद. कागद मागा. अपिलावरच्या टिपणीची प्रत. ते कोणत्या तारखेला कोणाकडे गेलं त्या नोंदीची प्रत. फेरतपासणीच्या वेळी डॉक्टरांनी भरलेल्या मोजमापाच्या तक्त्याची प्रत. हा शेवटचा कागद सोन्यासारखा आहे. 45 चे 34 नेमके कोणत्या रकान्यात झाले, हे त्यावरूनच कळतं. पायाचा आखूडपणा लिहायचा राहिला का, खुब्याची हालचाल जास्त धरली का, हे दाखवता आलं तर अपिलात दम येतो. "आमची परिस्थिती हलाखीची आहे" या वाक्याने कुणाचे टक्के वाढलेले मी पाहिलेले नाहीत.

अर्ज भावाच्या नावाने, एकाच विषयावर, दीडशे शब्दांत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ पुण्यातच आहे. माझा अनुभव असा की बरीच प्रकरणं पहिल्या अर्जालाच हलतात, कारण उत्तर लिहायला कुणाला तरी ती फाईल शोधावी लागते.

लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, जायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तिथे अपिलाची प्रकरणं घेत नाहीत, तो फेरा वाचवा. त्याऐवजी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. दिव्यांगांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच दिलाय, आणि आख्ख्या महाराष्ट्राचं ते कार्यालय पुण्यात आहे. गडचिरोलीच्या माणसाला एका कागदासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो. तुम्हाला पीएमपीने जाता येतं. मात्र पोच, चौकशीपत्र आणि माहिती अधिकाराचं उत्तर, किंवा ते न आल्याचा पुरावा, हातात घेऊनच जा.

आता तुमचा खरा प्रश्न, साहेब चिडतील का? एखादा चिडेलही. पण बघा, तोंडी विचारणाऱ्याची आठवण फक्त त्याच्या चेहऱ्याने राहते, म्हणून तो नकोसा होतो. लेखी विचारणाऱ्याचा कागद फाईलला लागतो आणि त्या फाईलवर नामंजुरी लिहायची तर कारण लिहावं लागतं. गप्प बसल्याने फाईल सुरक्षित राहते असं तुम्ही मानताय. मला तर उलट दिसतं, तुमची फाईल वाईट हेतूने कुणी दाबली नसून ती कुणाच्या तरी कपाटात निवांत असावी. चिडवण्याइतकी ती कुणाच्या लक्षातही नसेल. आठवड्यातून तीनदा खिडकीशी उभं राहायचं थांबवा. महिन्यातून एक लेखी कागद पुरे. आणि शब्दांत "कृपा" आणि "मेहेरबानी" नको. आदराने लिहा, हक्काने लिहा.

पंधरा हजारवाल्याला नाही म्हणा. तो आकडा बदलून आणलेलं प्रमाणपत्र देईल, आणि ते ऑनलाइन नोंदीशी जुळलं नाही की गुन्हा तुमच्या भावावर येईल, त्याच्यावर नाही. उसने काढून ते पैसे द्यायचा विचार आईंच्या मनात आहे, असं तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरून वाटलं. त्यांच्याशी आजच बोला.

नवीन अर्ज करावा का? अपिलाची पोच मिळेपर्यंत तरी नको. नव्या अर्जाने तुम्ही 34 मान्य केलेत आणि सुरुवातीपासून आलात, असा अर्थ काढायला जागा मिळते. पायाची स्थिती त्या तपासणीनंतर खरंच बिघडली असेल, नवीन एक्स-रेत रॉड सैल दिसत असेल किंवा दुसरं ऑपरेशन सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा नवीन तपासणी मागणं योग्यच. नुसत्या कंटाळ्याने मात्र नको.

दुकानाचं. टक्केवारी शरीराची असते, नोकरीची नसते. दुकानात खुर्चीवर बसून स्क्रीन बदलल्याने खुब्याचा कोन बदलत नाही. हिशोब उत्पन्नाच्या अटीचा आहे. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. पुण्यात दोन माणसांनी त्यात जगायचं, ही अट किती कठोर आहे हे मला सांगायला नको. दुकानदार महिना 3,000 देणार असेल तर वर्षाचे 36,000. आई पोळ्या करून मिळवतात ते पैसे त्यात मिळवून बघा. बेरीज मर्यादेत राहिली तर दोन्ही चालेल. ओलांडली तर लपवू नका, निवड करा. योजनेचे 2,500 धरले तर वर्षाचे 30,000 होतात, तेही अपील जिंकलं तर आणि तेव्हा. दुकानात हातात कला येते आणि दिवसातून दोन तास माणसं भेटतात. मी त्याच्या जागी असते तर दुकान घेतलं असतं आणि अपीलही चालू ठेवलं असतं. पण निर्णय त्याचा आहे, आणि नाही म्हणाला तरी त्याला आळशी म्हणू नका.

अजून एक, जे तुम्ही विचारलंच नाही. तो कामावर असताना पडला ना? ठेकेदाराने काय दिलं? कामावरच्या अपघाताची नुकसानभरपाई हा योजनेच्या पैशांपेक्षा वेगळा आणि बऱ्याचदा मोठा हक्क असतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, ती उलटली आहे. पण उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याची तरतूद आहे. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठेकेदाराचा आणि अपिलाचा, दोन्ही विषय एकाच फेरीत विचारून घ्या.

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात साहेब काय म्हणाले, शेजारी काय म्हणाले, आई काय म्हणाली हे सगळं आहे. भावाचं एकही वाक्य नाही. तुम्ही त्याच्यासाठी इतकं करताय की तो हळूहळू त्या फाईलचा विषय होऊन बसलाय. चौकशीपत्र त्याला लिहू द्या. अक्षर वाईट असलं तरी चालेल. पोच घ्यायला तुम्ही दोघं रिक्षाने जा, आणि कागद त्याला पुढे करू द्या. रात्री झोपत नाही, कुणाशी बोलत नाही असंही तुम्ही लिहिलंय. ते असंच राहिलं तर 14416 या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल, तुम्हालाही त्याची गरज दिसते.

राहिल्या आई. नव्या आवरणपत्रावर "पत्रव्यवहाराचा पत्ता" म्हणून तुमचा धनकवडीचा पत्ता लिहा, खाली तुमचा मोबाईल नंबर आणि भावाचाही. मग भावाला चार दिवस तुमच्याकडे आणा आणि आईंना सासवडला त्यांच्या बहिणीकडे पाठवा, स्वारगेटहून गाडी मिळते. पोस्टमन तुमच्या दारात येईल.